उपेक्षित रॉबर्ट हुक : स्प्रिंग, दट्ट्या आणि तेलाचा थेंब

जत्रेत किंवा चौपाटीवर फुग्यांनी भरलेली एक फळी उभी असते आणि तिच्यापुढे दस्ता झिजलेली जुनी हवाई बंदूक ठेवलेली असते. नळी मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो, जाड पोलादी तारेची स्प्रिंग दबते आणि खिटीत अडकून राहते. चाप ओढताच मोकळी झालेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि त्या हवेच्या जोरावर छर्रा नळीबाहेर पडतो. ना दारू, ना ठिणगी. नेमबाजीचे पहिले धडे अनेकांनी अशाच बंदुकीवर गिरवलेले असतात.

या बंदुकीची जुळणी करणाऱ्या कारागिराला तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. स्प्रिंग फार ताठ असेल तर धक्का बसून नेम हलतो. दीर्घकाळ दाबून ठेवली तर ती थकते, आखूड होते आणि छर्‍यातला जोर जातो. दट्ट्याच्या टोकाला जुन्या बंदुकांत चामड्याची टोपी असते. ती कोरडी पडली की हवा कडेने निसटते. उलट तेल अधिक झाले तर दाबल्या जाणाऱ्या हवेच्या उष्णतेने तेच तेल पेट घेते, नळीतून धूर येतो आणि एक छर्रा दुसऱ्यासारखा जात नाही. म्हणून जाणता कारागीर चामड्याला तेलाचे मोजके थेंब देतो, स्प्रिंगला वेगळे, घट्ट वंगण लावतो आणि त्यानंतरच बंदूक मिटवतो.

ताणलेल्या स्प्रिंगचा जोर किती, दाबलेल्या हवेचा जोर किती आणि दट्ट्या हवा सोडणार नाही इतका घट्ट, पण अडकणार नाही इतका सैल कसा ठेवायचा, या तिन्ही प्रश्नांशी सतराव्या शतकात एक माणूस स्वतःच्या हातांनी झुंजला होता. त्याचे नाव रॉबर्ट हुक. शाळेच्या पुस्तकात त्याच्या नावाचा नियम असतो, जीवशास्त्राच्या पहिल्या धड्यात पेशीच्या निमित्ताने त्याचा उल्लेख येतो. पण तो दिसायला कसा होता हे सांगणारे एकही खात्रीचे चित्र आज उपलब्ध नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी १८ जुलै १६३५ रोजी हुकचा जन्म झाला. वडील जॉन हुक तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मूल इतके अशक्त होते की ते जगेल की नाही याचीच घरच्यांना चिंता होती. डोकेदुखीमुळे नियमित अभ्यास सुटला आणि मुलगा आपल्या मनाप्रमाणे वस्तू घडवण्यात रमू लागला. पितळी घड्याळ उघडून पाहिल्यावर त्याने तसेच लाकडाचे घड्याळ बनवले आणि ते चालले. सुमारे यार्डभर लांबीचे, डोलकाठ्यांसह सजवलेले आणि छोट्या तोफा उडवणारे जहाजही त्याने केले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याची पाठ वाकू लागली. लेथवर वाकून तासन्‌तास काम केल्याचा तो परिणाम असल्याचे त्याचे स्वतःचे मत होते.

१६४८ मध्ये वडील वारले आणि तेरा वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला. चित्रकलेतील त्याचा हात पाहून त्याला पीटर लेली या प्रसिद्ध चित्रकाराकडे शिकाऊ म्हणून पाठवण्यात आले. मात्र तैलरंगांच्या वासाने त्याचे डोके दुखू लागले. शिवाय हे आपण आपलेच शिकू शकतो, त्यासाठी वारशाचे पैसे कशाला घालवायचे, असा व्यवहारी विचारही त्याने केला. तो वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. तेथील मुख्याध्यापक रिचर्ड बस्बी यांनी या अबोल मुलाची पारख केली आणि त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग त्याने आठवड्याभरात आत्मसात केले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १६५३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेला. श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून शिक्षण घेण्याची जी पद्धत तेव्हा होती, तिचाच आधार त्याला घ्यावा लागला.

ऑक्सफर्डमध्येच त्याची गाठ रॉबर्ट बॉइलशी पडली. बॉइल हा अर्ल घराण्यातला, संपन्न आणि मनाने मोठा संशोधक. जर्मनीत ऑटो फॉन गेरिके याने भांड्यातली हवा काढून टाकणारा पंप बनवल्याची वार्ता त्याने वाचली होती. तसे यंत्र आपल्याकडे व्हावे, पण त्यातल्या पोकळीत वस्तू ठेवून प्रयोगही करता यावेत, अशी त्याची इच्छा होती. लंडनच्या एका नामवंत उपकरणकाराचा प्रयत्न उपयोगी ठरला नाही आणि काम हुककडे आले. १६५९ च्या सुमारास पंप उभा राहिला तेव्हा हुक अवघा २४ वर्षांचा होता.

या पंपाची रचना समजून घेण्यासारखी आहे. वरच्या बाजूला सुमारे २८ लिटर हवा मावेल असे काचेचे गोल भांडे आणि त्याखाली पितळेचे सुमारे १४ इंच लांब, ३ इंच पोकळीचे नळकांडे होते. नळकांड्यात दट्ट्या आणि तो खालीवर नेण्यासाठी दातेरी पट्टी, चक्र आणि हातदांडा. दट्ट्याला जोड्यांसाठी वापरतात तसले कमावलेले चामडे गुंडाळलेले होते. आराखडा म्हणून सारे सोपे वाटते. अडचण होती ती पितळ आणि चामडे यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीची. त्या फटीतून हवा आत शिरली की तासाभराची मेहनत वाया जाई. चामडे जास्त घट्ट बसवावे तर दांडा फिरता फिरत नसे. उपाय होता तेलाचा. स्वयंपाकघरात वापरतात ते सॅलडचे तेल नळकांड्यात आणि तोट्यांच्या सांध्यांत ओतले जाई. त्याने फट भरत असे आणि दट्ट्या सुरळीत सरकत असे. कधी नुसत्या तेलाने भागत नसे आणि नुसत्या पाण्यानेही नसे. तेव्हा दोन्हींचे मिश्रण गुण देत असे, अशी बारीक नोंदही बॉइलच्या ग्रंथात आढळते.

वंगण म्हणजे केवळ घर्षण कमी करणारी वस्तू नव्हे, ते फट बुजवणारे साधनही आहे, ही जाण त्या पंपावर काम करताना पक्की झाली. हवाई बंदुकीच्या चामडी टोपीत पुढे नेमके हेच तत्त्व कामी आले. फरक इतकाच की पंपाचा दट्ट्या हवा बाहेर ओढण्यासाठी होता आणि बंदुकीतला दट्ट्या हवा दाबण्यासाठी असतो.

हे यंत्र पुन्हा बनवणे आणि बनवल्यावर चालते ठेवणे सोपे नव्हते. हॉलंडमध्ये क्रिस्तियान हायगेन्सने स्वतःचा पंप तयार केला; पण १६६० च्या दशकात संपूर्ण युरोपात असे पंप मोजकेच होते. १६६० मध्ये बॉइलचा हवेच्या लवचिकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्याने हुकच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख केला. दोन वर्षांनी, तापमान तेच असताना हवा जितकी दाबावी तितका तिचा दाब वाढतो, हा नियम बॉइलने आकड्यांसह मांडला. हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, हे त्यातून सिद्ध झाले. या मापनांत हुकचा हात होता आणि त्याने स्वतंत्रपणेही अशी मापने केली. नियमाला मात्र नाव मिळाले ते बॉइलचे. बॉइलने हुकवर अन्याय केला असे म्हणता येणार नाही. दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. परंतु यंत्र ज्याच्या पैशाने उभे राहते त्याचे नाव पुढे जाते आणि ज्याचे हात तेलाने माखतात तो मागे राहतो, हा अनुभव हुकच्या वाट्याला प्रथम आला तो येथे.

नोव्हेंबर १६६२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने हुकला प्रयोगप्रमुख नेमले. प्रत्येक बैठकीत सभासदांना नवे प्रयोग करून दाखवायचे, हे त्याचे काम. पंप, भिंग, दुर्बीण, वायुभारमापक, घड्याळ अशी सारी यंत्रे त्याच्या देखरेखीखाली आली. १६६५ मध्ये त्याचा सूक्ष्मदर्शकावरील मायक्रोग्राफिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पसाभर मोठी दिसणारी पिसू होती, माशीचे डोळे होते आणि बुचाच्या पातळ कापातील इवल्या कप्प्यांना हुकने दिलेले सेल हे नाव होते. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स हा ग्रंथ वाचत रात्री दोन वाजेपर्यंत जागला होता. त्याच वर्षी ग्रेशम महाविद्यालयात हुक भूमितीचा प्राध्यापक झाला आणि तेथील खोल्यांत त्याचे उर्वरित आयुष्य गेले.

कीर्ती आली तरी पैशाची ओढाताण संपली नाही. सर जॉन कटलर या धनिकाने त्याच्या व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड देण्याचे मान्य केले होते. सोसायटीने तेवढी रक्कम गृहीत धरूनच त्याचे वेतन ठरवले. कटलरने पुढे पैसे देण्याचे टाळले आणि प्रकरण न्यायालयात गेले. अनेक वर्षांनी, १६९६ मध्ये निकाल हुकच्या बाजूने लागला. तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा होता.

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन शहर आगीत भस्मसात झाले आणि हुकच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. शहराच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या मोजणीदारांपैकी तो एक होता. जळालेल्या गल्ल्यांतून फिरून प्रत्येक घरमालकाच्या जागेची हद्द आखून देण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. क्रिस्तोफर रेन याच्यासमवेत त्याने आगीच्या स्मरणार्थ २०२ फूट उंचीचा स्तंभ उभारला. या स्तंभाच्या पोकळीचा उपयोग दुर्बिणीसारखा करून आकाशाचे वेध घ्यावेत, अशीही त्याची योजना होती. दिवसा मोजणी, सायंकाळी सोसायटीची बैठक, रात्री कॉफीगृहात घड्याळजी आणि उपकरणकारांशी चर्चा, असा त्याचा दिनक्रम होता.

यंत्राची परीक्षा घेताना त्याने स्वतःच्या शरीराचीही गय केली नाही. माणूस बसू शकेल असे मोठे बंद भांडे त्याने तयार करवून घेतले आणि १६७१ मध्ये त्यात बसून आतली काही हवा काढून घ्यायला लावली. कान दुखू लागले, ऐकू येईनासे झाले. निरीक्षण नोंदवून तो बाहेर आला.

याच काळात स्प्रिंगचा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता. समुद्रात जहाजाचे रेखांश कळण्यासाठी हेलकाव्यांतही अचूक चालणारे घड्याळ हवे होते आणि लंबक तेथे निरुपयोगी होता. लंबकाऐवजी चक्राच्या आंदोलनाला स्प्रिंगने बांधावे, ही कल्पना हुकला १६६० च्या आसपास सुचली होती. तिच्या हक्कासाठी बॉइल आणि इतर मान्यवरांच्या मध्यस्थीने करार होऊ घातला होता. परंतु पुढे कोणी या कल्पनेत सुधारणा केली तर लाभ त्याला मिळेल, असे एक कलम त्यात होते. हुकने बोलणी मोडली आणि काम कपाटात ठेवले. १६७५ मध्ये हायगेन्सने पॅरिसमध्ये अशाच घड्याळाची घोषणा केली, तेव्हा हुक संतापाने पेटून उठला. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी आपले गुपित परदेशी फोडले, असा आरोप त्याने केला. थॉमस टॉम्पियन या कुशल घड्याळजीकडून त्याने घाईने घड्याळ बनवून घेतले, त्यावर शोध आपला आणि तोही १६५८ चा, असे कोरवले आणि ते राजा दुसरा चार्ल्स याला भेट दिले. वाद मिटला नाही.

या अनुभवाने त्याचा स्वभाव अधिकच संशयी झाला. स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी जाहीर केला, पण कसा? लॅटिन वाक्यातील अक्षरे वर्णक्रमाने लावून त्यांचे एक निरर्थक कोडे करून! शोध आपल्या नावावर नोंदला जावा आणि तरीही कोणाला कळू नये, असा हा मार्ग. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये त्याने ते कोडे उलगडले. ताण जितका, तितके बल, हा तो नियम. त्यासाठी केलेले प्रयोग कोणाही कारागिराला करता येतील असे होते. त्याने तार नळकांड्यावर गुंडाळून तिची मळसूत्री स्प्रिंग केली आणि तिच्या टोकाला पारडे टांगून वजने वाढवत नेली. घड्याळाची स्प्रिंग तपासली. वीस, तीस, चाळीस फूट लांब तार खिळ्याला बांधून ती किती लांबते ते पाहिले. धातू, लाकूड, केस, रेशीम, हाड, काच यांच्यापर्यंत त्याने हा नियम नेला आणि हवेचाही त्यात समावेश केला. पंपातील हवा आणि तारेची स्प्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच गुणाची रूपे आहेत, हे त्याने ओळखले होते.

हवाई बंदुकीतली स्प्रिंग ही अशीच मळसूत्री तार आहे. ती दुप्पट दाबली की दुप्पट बल लागते आणि तिच्यात साठणारी ऊर्जा चौपट होते. या नियमालाही मर्यादा आहे. धातूला त्याच्या सोसण्याच्या सीमेपलीकडे ताणले की तो मूळ आकारावर परत येत नाही. बंदूक दाबलेल्या अवस्थेत ठेवू नये, हा कारागिराचा इशारा याच सीमेकडे बोट दाखवतो.

माणसांच्या बाबतीत ही सीमा हुकला उमगली नाही. १६७२ मध्ये तरुण आयझॅक न्यूटनच्या प्रकाशविषयक निबंधावर त्याने अधिकारवाणीने टीका केली आणि न्यूटनने ती कधी विसरली नाही. १६७९-८० मध्ये दोघांत झालेल्या पत्रव्यवहारात, सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असावे, हे हुकने सुचवले. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूटनच्या महाग्रंथात हुकने श्रेयाचा वाटा मागितला. त्यावर न्यूटनने तिसरा खंडच रोखून धरण्याची धमकी दिली आणि हुकचे उल्लेख छाटले. येथे न्याय-अन्यायाचा निवाडा सोपा नाही. कल्पना हुकने मांडली होती, हे खरे. मात्र तिच्यावरून ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा गणिताने सिद्ध करण्याचे काम न्यूटनचे होते. ते गणित हुकला साधले नव्हते.

त्याच वर्षी त्याची पुतणी ग्रेस हिचे निधन झाले. ती त्याच्या घरी राहत असे आणि त्या एकाकी माणसाला तिचा मोठा आधार होता. त्यानंतर हुक खचला. दृष्टी मंदावली, पाय सुजले, खर्चाविषयी तो कमालीचा कृपण झाला. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम महाविद्यालयातील आपल्या खोलीत त्याने अखेरचा श्वास घेतला. दारिद्र्यात राहणाऱ्या या माणसाच्या लोखंडी पेटीत सुमारे आठ हजार पौंड सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७१० मध्ये सोसायटी नव्या वास्तूत गेली, त्या स्थलांतराच्या काळात हुकचे चित्र नाहीसे झाले असे मानले जाते. ते न्यूटनने मुद्दाम नष्ट करवले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही. त्याच्या दफनभूमीतील अस्थीही पुढे हलवण्यात आल्या आणि त्यांचा ठावठिकाणा उरला नाही.

काळाने थोडी भरपाई केली. १९३५ मध्ये त्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि कुरकुरणारा, औषधे घेणारा, मित्रांत रमणारा खरा हुक लोकांपुढे आला. २००६ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायरच्या एका घरातील कपाटात त्याच्या हस्ताक्षरातील पाचशेहून अधिक पानांची वही सापडली. सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड उभे करून ती मिळवली. तिच्यात सोसायटीच्या १६७० सालच्या बैठकीची टिपणे होती आणि त्या बैठकीत हुकच्या घड्याळाचा विषय आलेला होता. हायगेन्सच्या घोषणेआधी पाच वर्षे! ज्या तक्रारीला समकालीनांनी कांगावा ठरवले, तिच्यात तथ्य होते, हे तीनशे वर्षांनी कागदावर दिसले. मात्र तेच काम त्याने वेळीच सर्वांपुढे खुले केले असते तर वहीची वाट पाहावी लागली नसती, हेही तितकेच खरे.

हुकने हवाई बंदूक बनवली नाही. हवेच्या जोरावर चालणाऱ्या बंदुका त्याच्या काळी होत्या; आजची स्प्रिंग आणि दट्ट्याची सुटसुटीत रचना रूढ झाली ती त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. तरीही एखादा कारागीर ती बंदूक उघडतो, थकलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून तिची लांबी पाहतो, चामड्याची टोपी बोटांनी दाबून तिचा मऊपणा जोखतो आणि तेलाचे थेंब मोजून सोडतो, तेव्हा तो जे करत असतो ते पाठीला बाक आलेल्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाने ऑक्सफर्डमध्ये पितळी नळकांड्यापुढे वाकून केले होते. जत्रेत फुगा फुटल्याचा आवाज होतो आणि मुले टाळ्या वाजवतात. चेहरा हरवलेल्या रॉबर्ट हुकचे काम त्या बंदुकीत चालू असते.